हिरव्या मोटारींची व्यवस्था

मी, वामनराव कृष्णाजी गावंडे, वय एकाहत्तर, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ, धंदा विजेच्या मोटारींचे रिवाइंडिंग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार अजून नीट गुंडाळतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी तानाबाई मघाशी म्हणाल्या, "अवो, उरका लवकर, जेवण थंडं होऊन राह्यलं." तो दबाव धरू नये.

यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. आता करतो, कारण शेडमधल्या मोटारी माझ्यामागे भंगारात जाऊ नयेत.

१. राहते घर व बँकेतली ठेव तानाबाईंची. वरच्या खोलीतला पंखा आवाज करतो. तो बदलू नये. तेल द्यावे.

२. शेजारी इंद्रजीत याने माझा बेअरिंग काढायचा पुलर नेला आणि तीनपैकी एक पाय मोडून आणून दिला. उरलेले दोन पाय त्यालाच द्यावेत. त्याला साक्षीदार व्हायची फार हौस आहे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. म्हणून हे कलम.

३. मोटारी. काही बंद सूतगिरणीच्या लिलावातल्या, काही जुन्या कूलर-वॉशिंग मशीनच्या, काही कंपन्यांच्या शिलकी मालातल्या. प्रत्येकीच्या अंगावर तिची माहिती छापलेली पट्टी होती. दसऱ्याला आम्ही हत्यारे पुसून पुजतो. यंदा मी दवाखान्यात होतो. तानाबाईंनी मोटारी पुसल्या, आणि पूजेत शोभाव्यात म्हणून त्यांना हिरवा ऑइल पेंट दिला. पट्ट्यांसकट. घरी आल्यावर मी थिनरने रंग काढला. रंगाबरोबर अक्षरेही गेली.

"देवीपुढं गंजक्या ठेवू काय?" असे तानाबाईंनी विचारले. याला उत्तर नाही.

मुलगा गोपाल म्हणाला, "बाबा, साऱ्या सारख्याच दिसतात. किलोवर देऊन टाकू." याला उत्तर आहे. ते पुढे.

४. अनोळखी मोटार थेट लाइनवर देऊ नये. मध्ये बल्ब जोडावा. बल्ब भगभगीत पेटला तर आत शॉर्ट. पेटलाच नाही तर तार तुटलेली. मंद पेटला आणि मोटार हळू फिरू लागली, तर ती कामाची. दिवाळीत गोपालने कार्बन ब्रशची एक मोटार बल्बाशिवाय लावली. अशा मोटारीवर भार नसला की तिचा वेग वाढतच जातो. ती टेबलावरून उडाली आणि उंबऱ्यापर्यंत गेली. वायर तेवढीच होती.

सून प्रेरणा म्हणाली, "मामाजी, थे तं माहेरी निघाली होती."

५. या कलमात काल मी लिहिले होते की मोटारी एखाद्या आयटीआयला द्याव्यात, गोपालला देऊ नयेत. खाली कोणती मोटार कशाची, तेही लिहिले होते. आज सकाळी साक्षीदारांसमोर गोपालला वाचून दाखवले. आपल्याला काही मिळत नाही, हे त्याने शांतपणे ऐकले. "खिडकीखालची, कूलरची" इथे मात्र तो उठून उभा राहिला.

"कूलरची? थे वॉशिंग मशीनची हाय, बाबा."

"तुले काय माहीत?"

"दोन्ही वाइंडिंगचा रोध सारखा आला. म्हणजे उलटी-सुलटी फिरते थे. कूलर कायले उलटा फिरन? बाहेरच्यायले हवा द्याले?"

म्हणजे माझ्या नकळत याने तिला मीटर लावला होता. किलोवर विकायच्या मालाला कोणी मीटर लावत नाही.

मी म्हटले, कूलरची. तो बल्ब घेऊन शेडमध्ये गेला. मागोमाग प्रेरणा गेली. मग दोन्ही साक्षीदार गेले. मी इथे एकटा बसून हे लिहीत आहे.

कालचे कलम रद्द. सर्व मोटारी, मीटर, वाइंडिंगचे यंत्र आणि बल्ब गोपालचे. सूतगिरणीची मोठी मोटार त्याने आधी हाती घ्यावी. तिच्याशी माझे जमले नाही.

खिडकीखालची मोटार कूलरचीच आहे.

ठिकाण : नेर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२४

(सही) वामनराव कृष्णाजी गावंडे

वामनरावांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली. सह्यांवर ग्रीसची बोटे उमटली आहेत, ती खाडाखोड समजू नये. खिडकीखालची मोटार उलट-सुलट दोन्हीकडे सारख्याच जोराने फिरली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

(सही) संघर्ष वानखडे
(सही) नंदाबाई ढोले