सरकारी कोकरं

तीर्थरूप खुशालभाऊले धाकट्या बहिणीचा, शकूचा, वाकून नमस्कार. पत्रात मोठ्या भावाले 'तुमी' लिवाव म्हणते, पन तुले जल्मात कधी तुमी म्हणलं नाई, आता म्हणलं तं वयनी घाबरन, म्हणून राहू दे. तुये गुडघे कसे हायेत? वयनीची जीभ तशीच चालते ना? (चालू दे, तुमच्या घरात तेवढंच एक तंदुरुस्त हाय.) फोन केला असता, पन तू फोन स्पीकरवर टाकून पानठेल्यावर बसतं, अन् ही गोष्ट पानठेल्याची नाई. आमच्या गावचा पत्रू सासुरवाडीले, तुमच्या धानोऱ्याले, येऊन राह्यला, त्याच्या हाती चिठ्ठी देतो.

तं झालं असं का, मागच्या आखाडीच्या टायमाले आमच्या जनावरायच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली, साधना मॅडम. पोरगी एवढीशी, चष्मा एवढा. घरी आली अन् म्हणते, "मावशी, तुमच्या नऊ मेंढ्या फार लहानखुऱ्या आहेत. आपण चांगल्या जातीच्या मेंढ्याचं बीज नळीनं सोडू, कोकरं मोठी होतील. मेंढा लागतच नाही." मी म्हणलं, "अन् घरी हाय त्याचं काय करू? लोणचं घालू?" घरी तं तूच देलेला राजा. एक कान काळा, एक पांढरा, नाक वाकडं (तुयासारखं, हे मी नाई, वयनी म्हणे). मॅडम म्हणे, त्याले बी काम हाय. साऱ्यायले सुई देऊन माजावर आणू, पन कोणती आली कोणती राह्यली हे मानसाले समजत नाई, मेंढ्याले समजते. त्याच्या पोटाखाली फडका बांधून कळपात सोडाचं. तो फक्त ओळखन, बाकीचं नळी पाहून घेईन.

भाऊ, असा जुलूम मी सासरी बी पाह्यला नाई.

फडका मी युरियाच्या पोत्याचा शिवला. त्याच्यावर '४५ किलो' तसंच राह्यलं. सकाळ-संध्याकाळ राजा ते पोतं घालून कळपात जाये, इमानदारीनं ओळखे, चढे, उतरे, अन् मंग माह्याकडे पाहे. मी दुसरीकडे पाहो. एक दिवस मोहर्लीकडून येणारी सफारीची जिप्सी थांबली. पाहुण्यायले तीन दिवस वाघ दिसला नोहता, त्यायनं राजाचेच चाळीस फोटो काढले.

नळीच्या दिवशी मेंढ्यायचे मागचे पाय उचलून धराले शेजारच्या भैयाजीले बलावलं. हा मानूस ग्रामसभेत गळा फाडते, पन इथी दोन बायायसमोर लाजून लाल. तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले, म्हणते कसा, "शकुबाई, तुमी आत जा ना." मी म्हणलं, "काऊन? मेंढ्या माह्या, आंगण माह्यं, अन् मीच आत? तुमाले लाज वाटते तं तुमी जा, पाय मातर सोडू नका." मॅडम डोक्याले टॉर्च बांधून खपत होती. मेंढीची वाट आतून वाकडीतिकडी राह्यते, नळी लवकर जातच नाई. नऊ मेंढ्या होईतवर पोरीनं पानी बी पेलं नाई. एवढा जीव लावून मी कधी सैपाक नाई केला.

भाऊ, तालुक्यात सोळा गावात नळी झाली, कुठीच काई धरलं नाई. माह्या घरी मातर पाच कोकरं! मॅडमच्या कागदापरमानं सतरा दिवस उशिरा झाले, पन सरकारी काम म्हणलं का एवढं चालते. पेपरात मॅडमचा कोकरू घेऊन फोटो आला. आता बुधवारी जिल्ह्याचे मोठे साहेब पाहाले येऊन राह्यले. त्यायले पटलं तं मॅडम इथीच राह्यते, नाई तं भामरागडले बदली. तिथी पावसात रस्ता तुटला का पोरगी अडकली. अन् आमाले अशी डॉक्टरीण पुन्हा भेटत नाई. गावातल्या सुकरीची गाय अडली तवा चिखलातून चार कोस पायी आली होती ते.

बाकी सारं मजेत. वयनीले नमस्कार, पोरायले आशीर्वाद.

तुयी बहीण,
शकू

ता. क. बुधवारच्या आत ये अन् राजाले घेऊन जा. पाचही कोकरायचा एक कान काळा, एक पांढरा. नाकाचं तं सांगतच नाई. साहेबानं बाप अन् लेकरं एका आंगणात पाह्यले तं पोरीचं सामान बांधाव लागन.

ता. क. दुसरा. कसं झालं हे तू इचारशीनच. पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या खांद्यावर जू ठेवतो का? राजानं तं पुरा श्रावण सरकारचं काम केलं होतं, नळीच्या आंधी बी अन्, कोणती पुन्हा माजावर येते का पाहाले, नळीनंतरचे सतरा दिवस बी, तेई ओळखाचंच. त्याले सुट्टी नोको? मी फडका सोडला, शिंगाले बेगड लावलं, पुरणाची पोळी चारली अन् कळपात सोडला. दुसऱ्या दिवशी पोरायचा तान्हा पोळा, म्हणून तेवढा दिवस बी देला. मंग पुन्हा बांधला. मी का कायद्याबाहेरची बाई हाय?

ता. क. तिसरा. आत्ता मॅडम कोकरं तोलाले आली होती. मी च्या ठेवाले आत गेली, तवर ही चिठ्ठी खाटेवर उघडीच होती. बाहेर आली तं मॅडम चष्मा पुसून राह्यली होती. च्या पेली, गेली. आता पाह्यतो तं चिठ्ठीत दोनी जागी 'बुधवार' खोडून लाल पेनानं 'मंगळवार' लिवलं हाय. म्हणजे साहेब एक दिवस आंधीच येऊन राह्यले. तवा भाऊ, तू सोमवारीच ये.