दंड भरून वळवलेले जहाज आणि विझलेल्या दोन काचभट्ट्या

प्रति,
मा. इंधन पुरवठा अधिकारी,
बंदर विभाग कार्यालय.

विषय : गॅसचे जहाज अन्य देशाकडे वळवल्याने भट्ट्या विझल्याबाबत व एक वाक्य लेखी मिळण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे गेल्या महिन्यातील उत्तर.

महोदय,

१. अर्जदार काचभट्टीचा मिस्त्री असून बरण्या करणे हा त्याचा वडिलार्जित धंदा आहे. आपण स्वतः कारखान्यात येऊन, उलट्या पिंपावर बसून म्हणाला होतात, "कोळसा सोडा. परदेशी गॅसचा लांब मुदतीचा करार झालाय. भट्टी विझायची नाही, माझा शब्द." अर्जदाराने कोळशाची भट्टी आपल्या हाताने पाडली. शेजारीच स्वतःची भट्टी असलेले थोरले बंधू कोळसा सोडायला तयार नव्हते. "साहेबांनी शब्द दिलाय, दादा," अशी गळ त्यांना अर्जदारानेच घातली आणि त्यांनीही गॅस घेतला.

२. काचभट्टी अचानक विझली की आतला रस थिजून भट्टीसकट दगड होतो, हे आपणांस तेव्हाच सांगितले होते.

३. या हिवाळ्यात परदेशात गॅसचे भाव भडकले. करारातले गॅसचे जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभे होते. गल्लीतली बायकापोरे गच्चीवरून पाहत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत ते वळले. दंड भरूनही तोच माल दुसऱ्या देशाला विकणे पुरवठादारास परवडले, असे मागाहून कळले. संध्याकाळी गॅसच्या नळातला दाब उतरला आणि दोन्ही भट्ट्या विझल्या. आपणांस फोन केला असता "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असे उत्तर मिळाले.

४. दादा छिन्नीने स्वतःची भट्टी फोडत असता अर्जदार मदतीस गेला. "तुझ्या साहेबाला बोलव फोडायला," एवढे ते मान वर न करता म्हणाले. त्यानंतर ते अर्जदाराशी बोललेले नाहीत. वहिनी अर्जदारास पाहून दार लावून घेतात.

५. आपले उत्तर असे : "दंड भरून जहाज वळवण्याची मुभा करारात प्रथमपासून असून ती या कार्यालयास ज्ञात होती." म्हणजे शब्द देतानाच तो फिरू शकतो हे आपण जाणून होतात. अर्जदाराचा केसाने गळा कापलात, ते एक वेळ सोसले असते. भावाचा गळा मात्र अर्जदाराच्याच हातून कापवून घेतलात.

६. अर्जदारास भरपाई नको. "ही मुभा अर्जदारास सांगितली नव्हती," एवढे एक वाक्य सहीशिक्क्यानिशी मिळावे. दादांपुढे ठेवायचे आहे. ते टपालाने पाठवू नये, शिपायाकरवी बाहेर द्यावे. अर्जदार आपल्या कार्यालयाच्या पायरीवर बसून आहे.

आपल्या शब्दावर विसंबलेला,
(सही)
भट्टी मिस्त्री
दिनांक : आजचा

सोबत : आपल्या उत्तराची प्रत.