ग्लेन, आज मीराला सांगायचंय

प्रिय ग्लेन, आमच्या आबांचे लाडके ग्यानबा,

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. गेलेल्या नवऱ्याला पत्रं लिहिणाऱ्या बायकांचं मला हसू यायचं. पण आज सकाळी ऑफिसात हॉस्पिटलचा फोन आला. मी जबल अलीहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून शारजाला घरी आले, आणि आता मीराची शाळेची बस यायला थोडाच वेळ उरलाय. तेवढ्या वेळात मला कुणाशी तरी बोलायलाच हवं. आणि हे ज्याला नीट कळलं असतं असा एकच माणूस मला माहीत होता.

मराठीत लिहितेय. तुला वाचता येणार नाही हे ठाऊक आहे रे. पण इंग्रजीत मी तुझ्याशी कधी धड भांडूच शकले नाही. इंग्रजी बोलायला लागले की मी उगाच सभ्य होते. आज मला सभ्य व्हायचं नाहीये.

ऐक तर. मीराच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय. तुझा होता तसाच. डॉक्टर केरळचे आहेत, माझ्याशी हिंदीत बोलतात. म्हणाले, "मॅडम, फुटबॉल बंद करना पडेगा. पढाई, चलना-फिरना, सब चलेगा. लेकिन दौडना नहीं. मॅच तो बिलकुल नहीं." मी "ओके डॉक्टर, थँक यू सो मच" म्हटलं. कस्टम्समधून कंटेनर सुटल्याचा निरोप आल्यावर ऑफिसात म्हणते ना, अगदी तसं!

तू गेल्यावर त्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आजार घराण्यात असतो, मुलीला तपासून घ्या. घराण्यात! तेव्हा मला तुझे वडील आठवले. बागेत पाइपने पाणी घालता घालता गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. हे तूच मला सांगितलं होतंस, चहात बिस्कीट बुडवत, "बॅड लक" म्हणून. मी तेव्हाच म्हटलं होतं, स्वतःची तपासणी करून घे. तू म्हणालास, सीझन संपल्यावर. तुझा सीझन कधी संपायचा रे?

मला माहितीये तू का टाळत होतास. हृदयाबद्दल कागदावर एक ओळ आली की खेळाडूला कुणी करार देत नाही. तुम्ही इंग्लंडातल्या खालच्या डिव्हिजनची माणसं, वर्षावर्षाच्या करारावर जगणारी. गुडघा सुजला तर लपवायचा, चक्कर आली तर बूट बांधायला वाकायचं. हे मी तुझ्या तोंडून ऐकलंय, आणि तेव्हा हसलेही आहे. पण तू आता खेळाडू नव्हतास ना! शिट्टी गळ्यात अडकवलेला, टक्कल पडलेला कोच होतास. तरी तीच भीती?

आपण भेटलो तो दिवस आठवतो. जबल अलीतल्या कंपन्यांची फाइव्ह-अ-साइड स्पर्धा, तू पंच, आणि मी दोरीबाहेरून आमच्या अकाउंट्सच्या पोरांवर ओरडत होते, "आरं, दे की पास! बघतोस काय!" कोल्हापूरची मुलगी फुटबॉलला गप्प बसेल होय? तू खेळ थांबवून विचारलंस की मी काय म्हणाले. मी भाषांतर करून सांगितलं. तू म्हणालास, माझ्या सगळ्या मॅनेजरांनी मिळून मला एवढंच शिकवलं.

मग तुला घेऊन कोल्हापूरला घरी गेले. आबा आयुष्यभर एकाच पेठेच्या फुटबॉल टीमकडून खेळलेले, एकाच रंगाच्या जर्सीत. त्यांनी तुझ्या नावाचं पहिल्याच दिवशी ग्यानबा करून टाकलं आणि विचारलं, "जावईबापू, तुमची पेठ कुठली?" मी सांगितलं, आबा, हे अकरा क्लबांकडून खेळलेत. आबांना वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणाले, "अकरा? म्हंजे कुठलाच न्हाई की." तू माझ्याकडे बघत होतास, काय म्हणाले म्हणून. मी सांगितलं नाही. आज सांगतेय.

अकरा क्लब. नकाशात शोधावी लागतात अशी गावं. भिजलेली मैदानं, बसमधल्या रात्री, स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोल्या. एकदा कपच्या मॅचमध्ये मोठ्या क्लबाविरुद्ध वीस मिनिटं खेळलास, ती वीस मिनिटं मी तुझ्याकडून किती वेळा ऐकली! मग गुडघे गेले, मग कोचिंगच्या परीक्षा, मग आयर्लंड, मलेशिया, मस्कत, फुजैरा आणि शेवटी ही शारजातली अकॅडमी. तू गेल्यावर तुझ्या दोन जुन्या क्लबांनी काळ्या फिती बांधल्या. एकाने श्रद्धांजलीत फोटो टाकला तो दुसऱ्याच कुणाचा होता. मीराने तो मला दाखवला, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. नंतर ती बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दर मे महिन्यात, सीझन संपला की, क्लबात तुला बोलावलं जायचं. ठेवायचं की सोडायचं. कुणी फोनवर सांगितलं, तू दुकानात दूध घेत असताना. एकाने तर सांगितलंच नाही. तुझे बूट पिशवीत घालून दाराबाहेर ठेवले. एकाने अर्धा तास तुझं कौतुक केलं आणि मग "पण" म्हणाला. तू म्हणायचास, त्या "पण"पर्यंत मला वाटत होतं की मी राहिलो. फक्त एक म्हातारा मॅनेजर तुझ्या खोलीवर आला, चहा प्यायला, कप विसळून ठेवला, आणि मग म्हणाला की तुला ठेवता येत नाही. त्याच्याबद्दल तू कधी वाईट बोलला नाहीस.

म्हणून कोच झाल्यावर तूही तसंच करायचं ठरवलंस. अकॅडमीतून मुलाला काढायचं असेल तर घरी जायचं. फुजैऱ्याला सलीमच्या घरी गेलो ते विसरता येईल का? माणसं रत्नागिरीकडची, मी दुभाषी म्हणून बरोबर. कोच स्वतः घरी आलाय म्हणजे पोराची मोठ्या टीममध्ये निवड झाली, अशी सगळ्यांची समजूत! सलीमच्या आईने सुरमई तळली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, शेजाऱ्यांना बोलावलं. तू त्या म्हाताऱ्या मॅनेजरची आठवण ठेवून आधी जेवलास, ताट पुसून खाल्लंस, आणि मग मला म्हणालास, आता सांग.

मी सांगितलं. ती बाई रागावली नाही. फक्त म्हणाली, "भाभी, जेवल्या घरी असं सांगतात काय? आधी सांगितलं असतं तर मी रडले असते, आणि मग वाढलंच असतं की. आता माझ्या पोराला वाटतंय, आपल्या आईने उगाच सण केला." त्यानंतर तू नियमच केलास. दारात उभं राहून, पाणीसुद्धा न घेता, पहिल्याच वाक्यात सांगायचं. "पण" म्हणायचं नाही. आणि सांगून झाल्यावर, ते जा म्हणेपर्यंत निघायचं नाही.

आता तू गेलास त्या संध्याकाळबद्दल. मला ते लिहायचं नव्हतं, पण त्याच्याशिवाय मीरा कळणार नाही.

अकॅडमीतल्या मुलींची प्रॅक्टिस मॅच चालू होती, आणि तू कडेला टचलाइनवर गुडघा टेकून बसलास. सगळ्यांना वाटलं, बूट बांधतोयस. मुली खेळत राहिल्या. शिट्टी होईपर्यंत खेळ थांबवायचा नाही, हे तूच त्यांच्या डोक्यात भरवलेलं. कुणी पडलं तरी, पेनल्टी मागत असलं तरी, शिट्टीची वाट बघायची. आणि शिट्टी तुझ्या मुठीत होती, ग्लेन! मीरा मधल्या फळीत होती, तू खेळायचास त्याच जागेवर. तिने तुला पाहिलं होतं. तिने एक पास दिला, दुसरा घेतला, गोलसुद्धा झाला. मग कुणीतरी किंचाळलं. मीरा मला एवढंच म्हणते, "आय वॉज वेटिंग फॉर द व्हिसल." तिला काय शिकवून ठेवलंस रे तू? मला तुझा इतका राग येतो, आणि तरी तुझी जॅकेटं अजून कपाटातच आहेत, मी कुणालाही देऊन टाकलेली नाहीत.

तुझ्यानंतर ती दुप्पट खेळायला लागली. मी तपासणीचं काढलं की म्हणायची, "लेटर, आई." सारखं लेटर. शेवटी फुटबॉल स्कॉलरशिपच्या निवडीच्या ट्रायलसाठी मेडिकल सर्टिफिकेट लागलं म्हणून नाइलाजाने आली. मशीनमधून बाहेर आल्यावर कपडे घालता घालता मला म्हणाली, "इफ इट्स बॅड, डोन्ट टेल मी. ट्रायल होऊ दे, मग सांग. प्लीज, आई." तुझाच चेहरा, तुझंच ते उगाच हसणं.

निकाल येईपर्यंत खेळायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तिचे बूट गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं. तिने माझ्याशी बोलणं सोडलं. परवा खाली बेसमेंटमध्ये गेले तर ही पार्किंगच्या खांबांमधून अनवाणी धावत होती. वॉचमन मला म्हणाला, "बेबी रोज दौडती है मॅडम, बहुत अच्छा दौडती है."

खरं सांगू? आज फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं की नाही सांगितलं तर? एक ट्रायल. नव्वद मिनिटं. तुझे वडील इतकी वर्षं जगले, तू इतकी वर्षं जगलास. तिलाच नेमकं त्या दिवशी काय होणार आहे? इतकं स्वच्छ, इतकं सोपं वाटलं ते! मग मला तू वाळवंटाच्या कडेला त्या हिरव्या प्लॅस्टिकच्या गवतावर गुडघा टेकलेला दिसलास.

तू म्हणायचास, सोडलेला खेळाडू "का" असं विचारत नाही, "मग आता कुठे जाऊ" असं विचारतो. तुला प्रत्येक वेळी उत्तर मिळालं. एक पायरी खाली, एक गाव पुढे, कुणी ना कुणी घेतलं. इंग्लंड संपलं तर मलेशिया, मलेशिया संपलं तर हे आखात. मीराच्या खाली कुठली डिव्हिजन आहे? ती मला विचारेल, आई, मग मी कुठे जाऊ, आणि माझ्याकडे एकाही गावाचं नाव नाही. ती सोळा वर्षांची आहे, ग्लेन. कोचिंग कर, फिजिओ हो, असं काहीबाही लोक सांगतील. आबा तर म्हणतील, कोल्हापूरला धाडून दे पोरीला. मी काय सांगू? मला तिच्यासाठी फुटबॉलच्या जागी दुसरं काही दिसतच नाही. तिला पाहिलंयस ना तू चेंडू घेऊन वळताना?

तू असतास तर तूच सांगितलं असतंस. तू तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसला असतास, आणि सगळ्या जगात तुझ्याकडूनच तिने हे ऐकून घेतलं असतं. ते सोडून तू गेलास. हे काम माझ्यावर टाकून गेलास! कधी कुणाला साधं टीमबाहेर बसवलंसुद्धा नाही मी.

मैत्रिणी म्हणतात, धीर धर, इन्शाल्ला सगळं ठीक होईल. मी मान हलवते. काय ठीक होणार आहे?

तुझ्याच नियमाप्रमाणे आज गॅसवर काही ठेवलेलं नाही. मी खाली लॉबीत जाऊन उभी राहणार आहे. ती बसमधून उतरेल, माझ्याकडे बघेल, आणि मी रजा घेऊन घरी आलेय एवढ्यावरूनच तिला अर्धं कळेल. उरलेलं मी पहिल्याच वाक्यात सांगेन. "पण" म्हणणार नाही. ती ओरडेल, जिन्यावर बसून राहील, म्हणेल की तुला सांगू नको म्हटलं होतं. ती जा म्हणाली तरी मी जाणार नाही. एवढं एक मी तुझ्यापेक्षा जास्त करीन.

आणि एक वचन देते. ती मला माफ करणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. नको करू दे. ती वीस वर्षांची होऊन माझ्यावर चिडू दे, तीस वर्षांची होऊन फोन आदळू दे, चाळिशीत कुणाला तरी सांगू दे की माझ्या आईने माझा खेळ संपवला. पांढऱ्या केसांची म्हातारी होऊनही तिला माझा राग करता यावा, एवढं मी बघेन, ग्लेन.

बस आली.

तुझी,
शुभा