हॉर्नवाल्याचा परिचय बदलण्याबाबत

हे लिहायला मी चार महिने टाळाटाळ केली. आधी पेन सापडेना, मग रेघांचा कागद हवासा वाटला, मग वाटलं की सव्विसाव्या वर्षी मृत्युपत्र लिहिणारा माणूस विनोदी दिसतो. आज सकाळी आरशात कानामागचे पिकलेले केस पाहिले आणि बसलो लिहायला.

तर मी, खाली सही करणारा, पंचकातला हॉर्नवादक, मुक्काम छापखान्याच्या वरची खोली, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या धाकाशिवाय लिहून ठेवतो की माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावं. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे कायद्याची भाषा कुठे लंगडली तर सांभाळून घ्यावं. पंचक म्हणजे फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न, अशी फुंकून वाजवायची पाच वाद्यं.

कलम १. हॉर्न. ते माझं नाही, माझ्याआधीच्या अण्णांचं आहे. ते दोन वर्षांपूर्वी गेले. हॉर्न कुणालाही देऊ नये. फुंकलेली हवा नळीत गारठते आणि तिचं पाणी होतं, वाजवून झालं की वाद्य उलटं करून ते झटकायचं असतं. मी रोज झटकतो, फडक्याने पुसतो, पेटीला कुलूप लावतो. सकाळी उघडावं तर आत पुन्हा पाणी. कोमट.

कलम २. माझा परिचय. माझी सर्वांत मोठी मालमत्ता हीच, आणि ती माझी नाही. आमच्या मैफलीच्या पत्रकात वादकांची नावं नसतात, ही पंचकाची जुनी रीत. फक्त वाद्य, आणि त्याखाली वाजवणाऱ्याने आयुष्यभर काय केलं त्याच्या दोन ओळी. फ्लूट : अकरा वर्षं कवळ्या बनवल्या. ओबो : घड्याळदुरुस्ती. क्लॅरिनेट : सैन्याच्या बँडमध्ये बावीस वर्षं. बसून : लिफ्ट दुरुस्त करणारा. आणि हॉर्न : ‘नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात एकोणतीस वर्षं. डावा गुडघा दुखावल्यावर पंचकात.’

मी आलो त्या दिवशी ओबोताईंना म्हटलं, “ताई, हे माझं नाही.”

“असू दे रे. पाचशे प्रती छापून पडल्यात. संपल्या की बदलू.”

“आणि याचं छापायचं तरी काय?” क्लॅरिनेटसाहेब म्हणाले. “हॉटेलात भांडी घासली, सात महिने सर्कशीच्या बँडमध्ये, तीन गावांतून पळून आला?”

सगळे हसले, मीही हसलो. दोन वर्षं मीच दारात उभा राहून पत्रकं वाटतोय. गठ्ठा संपत नाही.

पहिल्याच मैफलीनंतर एक बाई म्हणाल्या, “एकोणतीस वर्षं! वाटत नाही हो तुमच्याकडे बघून.” खरं सांगायचं सोडून मी मान डोलावली. माझी चूक ती. महिन्याभरात जिना चढताना डावा गुडघा धरायला लागला. नाट्यगृहात स्टेजच्या खाली वादक बसतात तिथली तिसरी खुर्ची डुगडुगते, पायाखाली पुठ्ठ्याची घडी लागते, हे मला पाठ आहे. मी त्या नाट्यगृहात पाऊलही ठेवलेलं नाही. उलट सर्कशीत मला हॉर्न शिकवलं तो माणूस दाढीवाला होता की बाई होती, ते आता आठवत नाही.

कलम ३. किरकोळ. सायकल क्लॅरिनेटसाहेबांना. ब्रेक नाही, शिस्तीचा माणूस आहे, लावून घेईल. सर्कशीबद्दलचे टोमणे मी माफ केलेले नाहीत याची नोंद घ्यावी. लोकरीचे मोजे फ्लूटवाल्या वहिनींना. एवढ्या चांगल्या बाई, पण गेल्या आठवड्यात मी जांभई दिली तेव्हा तोंडाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “भाऊजी, मी हजारो कवळ्या केल्यात. हे दात सव्विशीचे नाहीत.” ओबोताईंना माझा स्टोव्ह. आमच्यात हात हलवून इशारा देणारं कुणी नसतं. ताई ओबो उचलतात, पाचही जण एकदम श्वास घेतो, आणि सुरू. घड्याळांत आयुष्य गेल्यामुळे त्यांचा कान पक्का. परवा मध्येच थांबून म्हणाल्या, “तुझा श्वास आधी येतो. अण्णांचा यायचा तस्साच.” मग बराच वेळ ओबोच्या फुंकायच्या काडीशी चाळा करत बसल्या.

कलम ४. बसूनकाकांची साक्ष. अण्णा दवाखान्यात होते तेव्हा काका उशाशी होते. अण्णा म्हणत होते, “मी बोटीवर स्वयंपाकी होतो. कांदे चिरायचो. कुणीतरी लिहा रे.” तापात बरळतायत असं सगळ्यांना वाटलं. मागच्या महिन्यात काकांनी बिस्किटांच्या डब्यातली जुनी पत्रकं मला दाखवली. सगळ्यात जुनं छत्तीस वर्षांपूर्वीचं, अण्णा पंचकात यायच्याही आधीचं. हॉर्नखाली एकोणतीस वर्षं, डावा गुडघा. शब्दाला शब्द तेच.

“काका, मग ही एकोणतीस वर्षं आहेत तरी कुणाची?”

“वर जाणारी लिफ्ट रिकामी आली ना, की मी कधी आत डोकावलो नाही,” काका म्हणाले. “तू पण डोकावू नकोस.”

कलम ५. मुख्य इच्छा. सगळी पत्रकं जाळावीत, डब्यासकट. नवीन पत्रकात छापावं : हॉर्न, आधी एक बोटीवरचा स्वयंपाकी, मग एक भांडी घासणारा. त्याखाली काही नको. आणि माझी खुर्ची रिकामी ठेवावी. चौघांनी चौघांचं वाजवावं. कुणालाही, कितीही चांगला वाजवत असला तरी, तिथे बसवू नये. एवढं पाळलं नाही तर बाकीची कलमं फाडून टाकली तरी चालतील.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर मात्र दुसऱ्या पानापासून माझं वाटत नाही.

साक्षीदार : ओबोताई (सही). बसूनकाका (सही).
ठिकाण : तालमीची खोली. मंगळवार, सोळा तारीख, दुपारी साडेतीन.

सही वाळायच्या आत एक भर. आत्ता जिन्यावरून कुणीतरी आलंय. पाठीवर पिशवी, बावीस-तेवीस वर्षांचा. म्हणतो, ट्रकवर क्लीनर होता, हॉर्न थोडंफार येतं, इथली जागा मोकळी आहे असं कळलं. आम्ही कुणालाच कळवलेलं नाही. ओबोताई हात जोडून त्याला जायला सांगतायत, पण त्याने गठ्ठ्यातलं वरचं पत्रक उचललंय आणि वाचतोय.

मी ओरडलो, “ठेव ते खाली!”

तो दचकला. माझ्याकडे बघून घाईघाईने हॉर्नची खुर्ची पुढे ओढली.

“बसा ना आजोबा,” म्हणाला, “गुडघा दुखत असेल.”