उचलायची चादर

प्रिय दीक्षा,

जय भीम. तुझ्या आईसाठी मी आजवर स्वतःच्या हाताने काय काय शिवलं ते आधी लिहितो, कारण परवा फोनवर जावई सम्राट हसत हसत म्हणाले, अण्णा दिवसभर घरात करतात तरी काय. माझ्या जुन्या लुंग्यांचे मागून उघडणारे चार गाऊन, म्हणजे लुळा हात बाहीतून ओढायला नको. भरवताना गळ्यात बांधायचं फडकं, खालच्या कडेला दुमड घालून खिसा केलेला, सांडलेलं त्यात पडतं. लघवीच्या पिशवीला फुलाफुलांची खोळ, कारण कुणी भेटायला आलं की आईची नजर आधी तिकडे जायची. टाचांखालच्या दोन उशा, आत चिंध्या नखाएवढ्या कातरून भरलेल्या. मोठी चिंधी गोळा होते आणि टोचते. आधी तिथे चुंबळ केली होती. आरोग्य केंद्रातली सिस्टर म्हणाली, काका, ही काढा, कड रुतते. काढली. चुकलेलं उसवायची मला लाज नाही. दुकानात पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग चुकलं की मी सगळी तार उतरवून पहिल्यापासून भरायचो, तू पाहिलंयस.

आणि उचलायची चादर. दुकानातली नायलॉनची होती, आईची पाठ घामाने भिजायची. म्हणून तू कारेगावहून आणलेल्या कंपनीच्या जुन्या निळ्या गणवेशांचे दोन थर घेतले आणि मध्ये आईचं पांढरं पातळ घातलं. जयंतीला नेसायची तेच. कापायच्या आधी तिला दाखवलं. तिने डाव्या हाताने ते दोनदा चोळलं आणि माझ्याकडे सरकवलं. चार कोपऱ्यांना जुन्या जीन्सच्या कमरपट्ट्या, धरायला मुठी म्हणून. आईच्या पायमशीनची सुई त्या जाडीला मोडली, मग दाभणाने हातशिलाई घातली. पलीकडून शेजारच्या रतनबाई धरतात, अलीकडून मी, आणि आई कुशीवर होते. दोन वर्षं झाली, पाठीवर एक जखम नाही. रतनबाई मात्र बोलल्याशिवाय राहत नाहीत. म्हणतात, "भावजी, मोटारवाल्याच्या हातात दाभण आलं, आता आमच्या म्हाताऱ्याचं त्वांड पण शिवून टाका, लय बडबडतंय." आई हसते. अर्धंच तोंड हसतं, पण हसते.

इकडे दौंडात थंडी बरी आहे. दुकान बंदच आहे. तुला मी सांगितलं होतं की आईला सोडून बसता येत नाही म्हणून बंद केलं. वरवंडचे बापूसाहेब अजून फोन करतात, म्हणतात तुझ्या हातची मोटार तीन हंगाम चालते. मी म्हणतो, बघू. हे पत्र पट्टी ठेवून लिहितोय, तरी ओळ कुठे खाली उतरली असेल तर समजून घे.

एक गंमत सांगतो. आता सुईत दोरा आई ओवते. मी सुई धरतो, ती डाव्या हाताने दोरा पुढे आणते, तीन-चारदा चुकते, मग जातो. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. एक दिवस मी बराच वेळ दोऱ्याला थुंकी लावत बसलो होतो, तर तिने पलंगावरून हात पुढे केला. जीभ गेली तरी तिला सगळं कळतं. माझ्या आधी कळलं.

मागच्या महिन्यात आईच्या खांद्यावर काळंनिळं दिसलं, तेव्हा तू विचारलंस आणि मी म्हणालो पलंगाची कड लागली. तसं नव्हतं. चादर नवीन होती, त्याच मापाची, मीच शिवलेली. कुशीवर घेताना माझ्या बाजूची मूठ निघून हातात आली आणि आई कडेला घसरली. रतनबाईंनी धरली म्हणून खाली पडली नाही. मला वाटलं दोरा कुजका लागला. मूठ उन्हात नेली आणि बोटाने चाचपली. दोरा पक्का होता. टाके फक्त वरच्या थरातून गेले होते, खालचं कापड मी धरलंच नव्हतं. इकडून तिकडे पूर्ण ओळ हवेत शिवली होती. आई त्या दिवशी रडली नाही. त्यानंतर मी चादरीला हात लावला की डोळे मिटून घेते.

दीक्षा, मी शिरूरला डोळे दाखवून आलो. दौंडात दाखवलं असतं तर चौकात बातमी झाली असती, म्हणून न्हावऱ्याच्या एस.टी.ने गेलो. तुझं कारेगाव तिथून जवळ, पण आलो नाही. काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलेला आहे, डावा नळीतून पाहिल्यासारखा दिसतो. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांवर टिकलं तर टिकेल. दुकान आईमुळे नाही, यामुळे बंद आहे. जुनी चादर झिजली आहे, महिनाभर निघेल. पुढची तू शिवायचीस. तुझ्या सुट्टीला ये, माप मी सांगेन, टाका सगळ्या थरांतून गेला की नाही ते तू बघायचंस. हे मागायला मला महिना लागला. अजून एक, ते तुला दुसरीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. शिरूरचे विश्वजीत म्हणून आहेत, रुग्णांच्या सामानाचं दुकान आहे त्यांचं. सिस्टरने काढलेला चादरीचा फोटो बघून गाडी घेऊन घरी आले. जुन्या चादरीची शिलाई उलटसुलट करून पाहिली, म्हणाले, असं काम पुण्यातही मिळत नाही. कापड त्यांचं, दोरा त्यांचा, महिन्याला वीस चादरी. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, मी फक्त घरच्या माणसासाठी शिवतो. नगाला सातशे देत होते, महिन्याचे चौदा हजार.

तुझाच,
अण्णा