सगळ्या शाळेचा वाढदिवस

साखरशेत, ७ जानेवारी २००४
(महिना अक्षरांत का, ते पुढे कळेल.)

चि. हेमंतास दाजीचे आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तुझी बहीण माझ्यापेक्षा बरी आहे. ठाण्याच्या पाण्याने तुझं पोट बिघडलं होतं, ते सुधारलं का?

तू शाळेला दिलेला कम्प्युटर चालतो, हेच दुखणं आहे. तू बसवलेल्या प्रोग्रॅमच्या सेटिंगच्या फाइलीत तारखेचा महिना आधी आणि दिवस नंतर असा अमेरिकन शिरस्ता राहून गेलाय. आता आपल्याकडे पोराचा जन्म विचारावा तर आई म्हणते, "नागली कापाया गेलू तवा झाला," आणि मास्तर दाखल्यावर एक जून लिहून मोकळा होतो. (माझ्याही मास्तरांनी तेच केलं.) मी सगळ्यांचं ०१/०६ भरलं. कम्प्युटरने ते सहा जानेवारी वाचलं आणि काल सकाळी अख्ख्या शाळेला शुभेच्छापत्रं छापू लागला. रघ्याच्या पत्रापाशी शाई संपली, तो अर्ध्याच शुभेच्छा घेऊन रडत बसला. स्वयंपाकीण सुकरी म्हणाली, "माझा बी वाढदिस हाय, आज मी चूल पेटवायची नाय." मग लापशी मी ढवळली. ती खाली लागली, पण पोरांनी पातेलं पुसून खाल्लं.

इथवर ठीक होतं. पण त्याच यंत्राने मला ३१ जानेवारीला निवृत्त करून टाकलंय. शिपाई कान्हाने वर्गणी काढून जव्हारहून शालही आणली. मी म्हटलं, अरे, मी एक जूनचा, नियमाने मे अखेरीपर्यंत माझी नोकरी आहे. तर म्हणतो, "गुरुजी, ती जूनची तरी कुठं खरी हाय?" दहावीची पोरं मार्चात परीक्षेला बसायची आहेत, गणिताला दुसरा मास्तर नाही, म्हणून जीव तुटतो. रविवारी ये आणि ती एक ओळ बदल.

तुझा दाजी,
तुळशीदास

ता. क. पोरांची तारीख मात्र बदलू नकोस. एक जून येतो सुट्टीत, त्यामुळे यांचा वाढदिवस आजवर कोणी पाहिलाच नव्हता. रघ्या आत्ताच पुढच्या वर्षीची लापशी विचारून गेला. माझी एकट्याची तेवढी जून कर.

ता. ता. क. ती ओळ सगळ्यांना मिळून एकच असेल आणि एकट्याची होत नसेल, तर माझीही राहू दे. गणित मी घरी ओटीवर शिकवीन. शाल तशीही आलेलीच आहे.