काल नाही, परवा

वेस्ट मांबलम, चेन्नई

तीर्थस्वरूप सौ. वन्संना हेमलताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. गुडघ्यांनी त्या आठांतून कधीच अंग काढून घेतलंय.) मिरजेला सगळे खुशाल असतील. इकडे मंदार, सूनबाई देविका आणि तुमचे भाऊ ठीक आहेत. 'ठीक' हा शब्द मी तीन महिन्यांनी मनापासून लिहिते आहे, म्हणून पत्र लांबणार. चहा घेऊनच वाचायला बसा.

तर दिवाळीनंतर तुमच्या भावांनी दाढी राखली. साठी उलटल्यावर ही हौस कशाला, म्हणून मी दोन दिवस चेष्टा केली आणि विसरले. खरं काय ते डवऱ्याने सांगितलं. इथे कॉफी स्टीलच्या पेल्यात देतात आणि पेला डवरा नावाच्या पसरट वाटीत ठेवतात. यांच्या हातात ती जोडी आली की टाळ वाजल्यासारखी वाजायची. (शेजारच्या राममूर्तींना वाटायचं, आमच्याकडे रोज सकाळी भजन असतं.) हात कापत होता, म्हणून दाढी करणं सुटलं होतं. भूक दुप्पट, तरी कपडे सैल. घाम यायचा, पण चेन्नईत घाम न येणाऱ्याला डॉक्टरकडे नेतात. चिडचिडही वाढली होती म्हणे, पण ती तुमच्या माहेरचीच असल्याने माझ्या ध्यानात आली नाही. मी विचारलं की म्हणायचे, काही नाही. मग एकदा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "हेमा, दादांचं असंच सुरू झालं होतं." वन्सं, मी गॅस बंद केला. मामंजींचा कंपवात आपण दोघींनी पाहिलाय. शेवटी शेवटी तुम्ही माहेरी येऊन त्यांना भरवायचात.

एवढं बोलले, पण डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. त्याऐवजी राममूर्तींकडून लाजाळूची कुंडी आणली. तमिळमध्ये तिला तोट्टासिणुंगी म्हणतात, म्हणजे शिवलं की मुसमुसणारी. (हे नाव घरात आधीच एकाला शोभत होतं.) यांचा हिशेब असा, की हिच्या नसा शाबूत तर माझ्याही शाबूत. दिवसभर बोट लावत बसायचे. पाचव्या दिवशी ती बया हलेना. झालं, यांनी जेवण सोडलं. (दुपारचं. रात्री तीन पोळ्या जास्त.) देविका दहावीला जीवशास्त्र शिकवते. तिचं माहेर तंजावरच्या मराठ्यांतलं, त्यामुळे सून बोलते आहे की बखर वाचते आहे ते मला अजून कळत नाही, पण विषय पक्का. ती म्हणाली, झाडाला नसा नसतातच. शिवल्याचा निरोप पेशीपेशींतून जातो, पानाच्या बुडाशी फुगीर पेशी असतात त्यांतलं पाणी ओसरतं आणि पान मिटतं. उगाच सारखं छेडलं तर झाडही दुर्लक्ष करायला शिकतं. मलाही ते जमायला पाचेक वर्षं लागली होती.

शेवटी डॉ. रंजनींकडे नेलं. तुमच्या भावांनी राममूर्तींकडे दीड महिना तमिळची शिकवणी घेतलेली, त्यामुळे देविकाला बाहेरच बसवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कालु नडुंगुदा?" म्हणजे पाय कापतो का. यांनी रुबाबात सांगितलं, "काल नाही, परवा." आता तमिळमध्ये 'परवाल्ल' म्हणजे ठीक आहे, चालण्यासारखं आहे. बाईंनी पाय ठीक म्हणून लिहून घेतले आणि विचारलं, "कै?" म्हणजे हात. यांना वाटलं, बाई मराठी जाणतात पण कमी ऐकतात. म्हणून आवाज चढवून, "परवा, परवा." बाईंनी हातही ठीक लिहिला. पाच मिनिटांत हा माणूस धडधाकट ठरून घरी येणार होता. मी उठून देविकाला हाताला धरून आत आणलं. मग बाईंनी यांना हात पुढे करायला सांगून त्यावर एक कागद ठेवला. तो पंख्याखाली नसतानाही फडफडला. रक्त तपासायला दिलं. ते दोन दिवस मी देवापुढे बसले आणि एक ओळ धड म्हणू शकले नाही.

कंपवात नाही, वन्सं. थायरॉईड निघालं. रिक्षात देविकाने समजावलं, की नस म्हणजे थेट एकाला केलेला फोन, आणि हार्मोन म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला निरोप. रक्तातून सगळ्यांना जातो, पण ज्याचं काम तोच उठतो. (झाडांकडे फोनच नाही, त्यांचा बराचसा कारभार ग्रुपवर.) यांचे फोन नीट होते. गळ्यातली ग्रंथी मात्र दिवसभर घाई करा, घाई करा असे निरोप टाकत होती, आणि हात, काळीज, पोट सगळे बिचारे धावत होते. मला एवढंच कळलं की गोळ्यांनी हे आवरतं. मी रिक्षातच रडले. रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेऊन मला पाणी दिलं.

आता दोन महिने झाले गोळ्यांना. डवरा वाजत नाही, दाढी गेली, आणि कुंडीला हात लावायचा नाही अशी तंबी दिल्यापासून लाजाळूही पुन्हा मिटायला लागली आहे.

तुमची,
हेमलता

ता. क. गोडा मसाला संपलाय. इकडे सांबाराच्या मसाल्याची आमटी खाऊन तुमचे भाऊ मला टोमणे मारतात.

ता. क. मसाला पोस्टाने धाडू नका, घेऊन तुम्हीच या. तुमची मागची दोन्ही पत्रं कौमुदीच्या अक्षरात होती. ज्या बाईने सुनेला कधी पाकिटावर पत्तासुद्धा लिहू दिला नाही, तिने दोन पत्रं सांगून लिहून घेतली? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गळ्याचं हे दुखणं भावंडांतही असू शकतं. हात पदराखाली धरून एकट्या दादांची आठवण काढत बसू नका. यांना मी यातलं काही बोलले नाही. 'येते' एवढाच एक शब्द कळवा, पण स्वतःच्या हाताने. अक्षर वाकडं आलं तरी परवा नाही.